कुलूपबाई आणि न गळणारा झाडू

आमच्या गिरणीला लागून असलेली खोली भाड्याने द्यायची ठरली, तेव्हा बघायला बरेच जण आले. एकाला उजेड कमी वाटला. एकाला कोपऱ्यात उंदीर दिसला, आणि उंदरालाही तो दिसला असावा, कारण दोघेही एकदमच पळाले. शिंपी म्हणाला, पीठ उडून माझं कापड खराब होईल. शेवटी आली ती वकीलबाई. तिने उजेड पाहिला नाही की उंदीर विचारला नाही. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली न ठेवता मला म्हणाली, "आजी, गिरणी चालू करा बघू."

केली चालू. पट्टा फिरू लागला, जातं घरघरू लागलं. ही खोलीत गेली, दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळाने बाहेर आली.

"मी आत काय म्हणाले?"

"काय?" मी ओरडले.

"मी आत काय बोलले, ते ऐकू आलं का?"

"अगं, तू आत्ता काय बोलतेयस तेच कळेना, आतलं कुठून कळणार!"

"मग खोली घेतली," ती म्हणाली.

मला वाटलं, पोर जरा हुकलेली दिसते. भाडं वेळेवर देईल की नाही कोण जाणे. पण हळूहळू उलगडा झाला. तिचं कामच मुळी असं होतं की बोललेलं भिंतीपलीकडे जाता कामा नये. गिरणी चालू असली की ती पक्षकाराला आत घ्यायची. वीज गेली की आतलं बोलणं तिथल्या तिथे बंद. एकदा एक गृहस्थ "हे जर माझ्या मेहुण्याला कळलं ना, तर..." इथवर आले आणि वीज गेली. ती काही लवकर आली नाही. मी चहा नेऊन दिला, म्हटलं चहाच्या घोटाबरोबर तरी पुढचं बाहेर पडेल. छे! गृहस्थ चहा प्यायले, मिशी पुसली आणि छताकडे बघत बसले. त्यांच्या मेहुण्याचं काय, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

भांडणाचे वकील आम्ही पुष्कळ पाहिले होते. बांध, वाटणी, सोडचिठ्ठी, हे सगळं ओरडून चालतं आणि सगळ्यांना ऐकू येतं. माणसांना गप्प बसवणारी वकील मात्र आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. तिने मला समजावलं ते असं: "समजा, तुमच्या धंद्यात एक खुबी आहे. ती दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सौदा होत नाही, आणि दाखवली तर तो ती घेऊन पळेल अशी भीती आहे. तर दाखवायच्या आधी त्याच्याकडून लिहून घ्यायचं, की तो ती तिसऱ्याला सांगणार नाही आणि तुम्हाला विचारल्याशिवाय स्वतःही वापरणार नाही. याला म्हणतात गोपनीयतेचा करार."

"आणि तरी त्याने सांगितलं तर?"

"तर मग ओरडायचं वकीलपण मलाही येतं, आजी."

आमच्यासारख्या ठिकाणी असलं काम चालेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. इथे कुणाच्या घरात भांडं पडलं तर मागच्या गल्लीतून विचारतात, "फुटलं की वाचलं?" अशा गावात गुपित कुठून येणार! न्हाव्याने तिचं नाव ठेवलं कुलूपबाई. त्याच्या दुकानात ठेवलेलं नाव संध्याकाळपर्यंत घरोघर पोचतं, तसं पोचलं. तिला कळलं तेव्हा हसली आणि म्हणाली, "बरंय की. पाटी रंगवायचा खर्च वाचला."

ती काही परकी नव्हती. तिचा बाप पलीकडच्या वस्तीतल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. पंचक्रोशीतली सगळी दुखणी त्या माणसाच्या हातून पुडीत बांधून गेली, पण एकाचं दुखणं त्याने दुसऱ्याला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. बायको म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे मुक्या कपाटाशी संसार. पोरगी शहरात शिकली, मोठ्या वकिलांच्या कचेरीत लागली, आणि तिथे बरीच वर्षं कंपन्यांचे करार लिहीत बसली. मग बापाच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि ती परत आली. बापाला आता बोलताच येत नव्हतं. "आता तर बाबांचं काम पक्कंच झालं," असं ती म्हणायची, आणि म्हणताना हसायची, पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही.

लग्नाचं मी एकदा विचारलं. वय झालं की बायका विचारतातच, त्याला इलाज नाही. म्हणाली, "लग्न हा पण करारच ना आजी. फक्त कलमं कुणी आधी वाचून दाखवत नाही."

तिची खोली म्हणजे काय, तर एक जुनं दार दोन पेट्यांवर आडवं टाकून केलेलं टेबल. दाराची कडी तशीच होती, ती त्या कडीला किल्ल्या अडकवायची. दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, आणि सगळ्यावर माझं पीठ. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने सगळं पुसायची, आणि दुपारपर्यंत कपाट पुन्हा पांढरं.

पहिलं मोठं काम तिच्याकडे आलं ते झाडूचं.

आमच्याकडे दोन जावा झाडू बांधतात. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. धंदा त्यांच्या सासऱ्याचा. थोरलीच्या नवऱ्याची पाठ गेलेली, त्याला वाकता येत नाही. धाकटीचा नवरा दूरच्या खाणीवर कामाला, पैसे धाडतो ते नावालाच. म्हणजे दोन्ही चुली झाडूवर. आता ज्या बाईने नवा मऊ झाडू घरात आणलाय तिला सांगायला नको, की तो झाडू महिनाभर केर काढतो कमी आणि करतो जास्त. त्याचा भुसा गळतो. झाडून मागे वळून बघावं तर आपल्याच पावलांवर नवा केर. पण या दोघींचा झाडू गळत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. गवत तेच, बांधणी तीच, पण गवत कापल्यावर आणि बांधायच्या आधी मागच्या दाराआड त्या त्याला काहीतरी करतात. काय करतात, हे गावात कुणाला माहीत नाही, आणि जाणून घ्यायची इच्छा नसलेलाही कुणी नाही.

तरी मधल्या काळात धंदा बसला होता. बाजारात प्लॅस्टिकचे रंगीत झाडू आले, लोक रंगाला भुलले. अशात कंपनीचा एक साहेब गाडी घेऊन आला. शहरातल्या दुकानांतून हे झाडू विकतो म्हणाला, गाड्या भरभरून विकतो. अट एकच. माल कसा बनतो ते आधी डोळ्यांनी बघणार.

थोरलीची झोप उडाली. दार उघडलं नाही तर धंदा आपोआप मरणार. उघडलं आणि त्याने खुबी उचलून स्वतःचा कारखाना काढला तर धंदा त्याच्या हातून मरणार. ती कुलूपबाईच्या दारात आली, तेव्हा मी आपली सहज बाहेर गहू निवडत होते.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "आजी, जरा आत येता? सुनेला बसू दे गिरणीवर."

मी हात झटकून इतक्या लगेच उठले की माझी मलाच लाज वाटली.

वकीलबाईने कागद पुढे ओढला. थोरलीला विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. माझ्या पोटात आहे."

"गवत कोण आणतं?"

"गाडीवान."

"गवताबरोबर आणखी काही आणतो?"

थोरली चाचरली. "आणतो ना. ते..."

"काय ते मला सांगू नका. आणतो, एवढं पुरे. दळायचं काही असतं?"

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की ही बाई इतकी वर्षं ते अमुक माझ्याकडे दळायला आणते, ते गुरांसाठी नव्हतंच! आणि मी वेडी दर वेळी तिला विचारत होते, "म्हैस कशी आहे?" तिच्याकडे म्हैस कधी नव्हती. ती आपली म्हणायची, "बरी आहे."

मी त्यांचं काहीतरी दळते, एवढं इथे लिहायला मी वकीलबाईची आणि दोघी जावांची परवानगी घेतली आहे. काय दळते ते विचारू नका. माझी सही झालेली आहे.

"आणि मधलं काम कोण करतं?" वकीलबाईने विचारलं.

"कुठलं मधलं?"

"जे मला सांगायचं नाही ते."

"ते होय. ते धाकटी करते."

"नंतरची भांडी?"

"धाकटीच. पण तिला काय कळतंय! सांगितलं ते करते."

"म्हणजे तुमच्या पोटातलं गुपित तुम्ही, गाडीवान, आजी आणि धाकटी, अशा चौघांच्या पोटात आहे," वकीलबाई म्हणाली. "साहेबाच्या आधी घरच्या माणसांकडून लिहून घ्यायला हवं. नाहीतर उद्या तो म्हणेल, हे तर गावभर माहीत होतं, यात गुपित कसलं?"

पटलं ते थोरलीला. मलाही पटलं. आणि इथेच कुलूपबाईचं चुकलं. पण ते नंतर.

आधी आमच्या वाचनाचं सांगते. फार वर्षांपूर्वी काही माणसं आली, पाण्याच्या नळाचा कागद म्हणून घराघरांतून अंगठे घेऊन गेली. पुढे कळलं, तो कागद डोंगरातला दगड काढायच्या परवानगीचा होता. नळ काही आला नाही, डोंगर मात्र अर्धा गेला. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेल्यांचा एकच नियम. कुठलाही कागद असो, सही करायच्या आधी तो वजनकाट्याच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायचा. सोयरिकीचा असो नाहीतर म्हशीचा. न वाचलेल्या कागदावर इथे कुणी अंगठा ठेवत नाही, आणि कुणी ठेवलाच तर साक्षीला माणूस मिळत नाही.

आता बोला. गुपिताचा कागद चारचौघांत वाचायचा कसा?

गावाला तर पर्वणीच. त्या दिवशी शेडमध्ये इतकी माणसं जमली की काटेवाला म्हणाला, सगळ्यांना एकदम तोलतो, गावाचं वजन तरी कळेल. न्हावी दुकान बंद करून आलेला. बायका पहिल्या रांगेत. आज कळणार, झाडू का गळत नाही!

वकीलबाई उभी राहिली आणि वाचू लागली. गवत कापल्यापासून झाडू बांधून होईपर्यंत मागच्या दाराआड जे काही घडतं, त्यातलं डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, हाताला लागलेलं आणि वासाने कळलेलं, असं सगळं गोपनीय समजावं. ते कुणी कुणाला सांगू नये. वगैरे वगैरे. संपलं.

न्हावी म्हणाला, "पण घडतं काय?"

"ते यात लिहिलेलं नाही."

"मग वाचलं काय तुम्ही इतका वेळ?"

"काय सांगायचं नाही, ते," वकीलबाई म्हणाली. लोक हसले, पण आतून सगळे चिडले होते.

गाडीवानाने अंगठा दिला. मी माझी सही केली. माझी सही म्हणजे दोनच अक्षरं, पण ती मी जोरात दाबून काढते. मग वकीलबाईने पेन धाकटीपुढे धरलं. धाकटीने हात पदराखालून काढलाच नाही.

"मी काय चोर आहे?"

"तसं नाही, ही फक्त एक रीत..."

"गाडीवानाकडून घ्या. आजींकडून घ्या. मी घरातली आहे. इतकी वर्षं या हातांनी केलं, कुणाजवळ एक शब्द काढला नाही, आणि आज चार लोकांत माझ्याकडून लिहून घेता, सांगणार नाही म्हणून? कोणाला सांगत होते मी?" मग थोरलीकडे वळली. "तुमचा विश्वास नव्हता तर घरात बोलायचं होतं, जाऊबाई." एरवी ती थोरलीला ताई म्हणते. जाऊबाई म्हणाली तेव्हाच मी ओळखलं, काम बिनसलं.

ती तडक घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला आलीच नाही. गवत पडून राहिलं. थोरलीने स्वतः मधलं काम करून पाहिलं. त्या झाडूंचा भुसा असा गळला की शेळ्या मागे लागल्या.

आणि साहेब तर आठवड्याभरात यायचा होता.

कुलूपबाई दोन दिवस खोलीत नुसती बसून होती. गिरणी चालू, पण आत कुणी नाही. शेवटी मला म्हणाली, "आजी, मी शहरात असले कितीतरी करार केले. नोकर पुढे येतो, सही करतो, जातो. इथे सहीला हात पुढे करायला सांगणं म्हणजे नातं काढून घेणं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि अजून एक राहिलंय. मी थोरलीला विचारलं, धाकटीला काही विचारलंच नाही. माझ्याबरोबर येता?"

धाकटी अंगणात कढई घासत होती. आम्हाला पाहून जास्तच जोरात घासू लागली.

वकीलबाई तिच्यासमोर तशीच जमिनीवर बसली. "चूक माझी झाली. सहीचं राहू दे. मला एक सांगा, फक्त हो किंवा नाही. मधलं काम कधी थांबवायचं, ते ठरवून दिलेलं आहे का?"

"नाही."

"थोरल्या ताईंना ते कळतं?"

धाकटीचा हात थांबला. "ताई घाईची आहे. तिला नाही कळत. ते मलाच... मी लग्न होऊन आले ना, तेव्हा एकदा माझ्या हातून..."

"बस्स," वकीलबाईने तळवा वर केला. "पुढचं नको. म्हणजे ते तुमच्या हातून सापडलं."

"चुकून. त्या दिवशी सासूबाईंच्या किती शिव्या खाल्ल्या मी! आणि तोच झाडू गळला नाही." मग खाली बघून म्हणाली, "त्या कागदात मालकीण म्हणून एकट्या ताईचं नाव होतं. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं."

तिथून आम्ही थोरलीकडे गेलो. तिला सांगितल्यावर ती उसळली. "दोन मालकिणी? धंदा माझ्या सासऱ्यांचा आहे!"

"धंदा सासऱ्यांचा," वकीलबाई शांतपणे म्हणाली. "पण सासऱ्यांचे झाडू गळायचे का हो?"

मग मीच म्हटलं, "अगं, तुझ्या सासऱ्याचा झाडू माझ्याकडे होता. त्यापेक्षा न झाडलेलं बरं दिसायचं."

थोरलीला हसू आवरेना. हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. म्हणाली, "लिहा दोघींचं."

नवा कागद झाला. मालकिणी दोन. एकीला सोडून दुसरीने कुणाला दार उघडायचं नाही, काही सांगायचं नाही, कशाला हो म्हणायचं नाही. शेडमध्ये पुन्हा वाचन झालं. या वेळी माणसं कमी होती, कारण यात काही कळत नाही हे कळलं होतं. आधी थोरलीने अंगठा दिला, धाकटीसमोर. मग धाकटीने पदरातून हात काढला. जाताना थोरलीला म्हणाली, "ताई, त्या दिवशी तू बिघडवलंस ते गवत टाकून दे. बघवत नाही."

मग साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छापील करार. म्हणाला, "तुमचा कागद कशाला? आमच्या कंपनीचा तयार आहे, सगळं यातच आहे. सही करा, आत जाऊ." इतक्या गोडीने बोलला की ताकाला येऊन भांडं लपवतोय हे मला तरी कळलं नसतं.

"वाचून घेऊ," वकीलबाई म्हणाली. "इथे मोठ्याने वाचायची पद्धत आहे. तुम्हीच वाचा."

साहेबाला गंमत वाटली. शेडमध्ये उभा राहून तो वाचू लागला. सुरुवातीला चांगला खणखणीत. मध्यावर आल्यावर आवाज उतरला आणि वेग वाढला, उतारावरच्या सायकलीसारखा.

"थांबा," वकीलबाई म्हणाली. "हे कलम मागच्यांना ऐकू आलं नाही. सावकाश."

साहेबाने घसा खाकरला. "कंपनीच्या माणसांच्या... स्मरणात सहज राहिलेली माहिती... वापरण्यास कंपनीला मोकळीक राहील."

मग काटेवाला म्हणाला, "म्हणजे पिशवीतून न्यायचं नाही, डोक्यातून न्यायचं!"

एकच हशा. थोरली म्हणाली, "आणि साहेबांचं डोकं काही लहान दिसत नाही."

"हे नेहमीचं कलम आहे," साहेब लाल होत म्हणाला. "सगळ्या करारांत असतं."

"असतं," वकीलबाई म्हणाली. "मीच शहरात असताना कितीतरी करारांत घातलंय. तेव्हा मी तुमच्या बाजूच्या खुर्चीत होते. हे खोडा, म्हणजे या दोघी दार उघडतील."

"खोडायचा अधिकार मला नाही."

"मग ज्याला आहे त्याच्याकडे जाऊन या."

साहेब गाडीत बसला आणि गेला. धुरळा खाली बसायच्या आत लोक कुलूपबाईवर उठले. एका ओळीसाठी आलेला सौदा घालवला! न्हावी म्हणाला, ही कुलूप लावते ते दुसऱ्यांच्या धंद्याला. तिने कागद गोळा केले आणि खोलीत गेली.

दिवस जाऊ लागले, गाडी येईना. प्लॅस्टिकवाला तेवढ्यात नवे हिरवे झाडू घेऊन आला. एक दिवस गिरणी भरात असताना थोरली आत शिरली आणि अशी ओरडली की जात्याच्या वरताण मला ऐकू आलं. "राहू द्या ते कलम! असं काय मोठं राहणार आहे त्याच्या लक्षात!"

मी गिरणी बंद केली. केली म्हणजे काय, दळण संपतच आलं होतं.

वकीलबाई म्हणत होती, "तुम्ही म्हणालात तर राहू देते. माल तुमचा, भीती तुमची. मी फक्त काय होऊ शकतं ते सांगितलं. पण एकटीने नाही. कागद काय म्हणतो? दोघींनी मिळून."

थोरली तरातरा गेली आणि धाकटीला घेऊन आली. मला वाटलं, आता ही जुन्या रागाने काय बोलते कोण जाणे. धाकटी उंबऱ्यात उभी राहिली, हात ओले, आणि म्हणाली, "ताई, तू उपाशी राहिलीस तर मी पण राहीन. पण त्याच्या डोक्यात घालून द्यायला मी ते शोधलं नाही. मी हो म्हणणार नाही."

थोरली तिथेच मटकन खाली बसली. वकीलबाईने तिला पाणी दिलं. तिचा स्वतःचा चेहराही पांढराफटक होता, आणि तो काही पिठाने नव्हता. "साहेब परत येईलच असं मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "हे मी आधीच सांगायला हवं होतं." थोरली म्हणाली, "माहीत होतं गं मला. म्हणून तर ओरडत होते."

साहेब आला, तो सगळ्यांनी आशा सोडल्यावर. तोच शर्ट नव्हता, पण तोच करार होता. त्यातल्या त्या ओळीवर आडवी रेघ, आणि रेघेशेजारी कंपनीचा शिक्का. पहिल्या खेपेला नमुना म्हणून नेलेला झाडू बायकोने घरी वापरला आणि मागे वळून बघितलं तर केर नव्हता, असं काहीतरी तो सांगत होता. खरं कारण साहेबालाच ठाऊक. कुणी न सांगता तो शेडमध्ये जाऊन उभा राहिला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एका आवाजात वाचून मोकळा झाला. सही केली. दोघी जावांनी अंगठे दिले.

मग आम्ही सगळे त्यांच्या घरामागे गेलो. मागचं दार म्हणजे साधा पत्रा, तारेने बांधलेला. थोरलीने तारेला हात घातला आणि थांबली. वळून धाकटीकडे पाहिलं.

"उघड ताई," धाकटी म्हणाली. "आता उघड."

तिघं आत गेली. पत्रा परत लागला. बाहेर न्हावी, काटेवाला, गाडीवान, मी आणि निम्मं गाव. वकीलबाई सगळ्यांत मागे, कागद छातीशी धरून. आतून भांड्यांचा आवाज आला. मग धाकटीचा हळू आवाज.

आणि एकदम साहेबाचा आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"एवढंच?"

काय सांगू तुम्हाला! सगळ्या माना एकदम पत्र्याकडे ताणल्या गेल्या. मी मागे वळून पाहिलं, तर कुलूपबाई टाचा वर करून, मान लांब करून, आमच्यापेक्षा पुढे झुकलेली. मी बघतेय हे तिला दिसलं, तशा तिने टाचा खाली टेकल्या आणि कागद नीट करू लागली. कागद आधीच नीट होते.

आतून धाकटी म्हणाली, "हो, एवढंच. आणि आत्ता जे 'एवढंच' म्हणालात ना साहेब, ते पण बाहेर म्हणायचं नाही."

पत्रा उघडला. साहेब बाहेर आला. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, चेहऱ्यावर असं काहीतरी की आता फुटतो की मग फुटतो. न्हावी थेट पुढे झाला. "काय हो साहेब? काय करतात आत?"

साहेबाने तोंड उघडलं. वकीलबाईकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"झाडू चांगले आहेत," तो म्हणाला. "पहिली गाडी कधी भरता?"